एक ठोका म्हणजे थांब

सोमवार, ५ मार्च
आलो एकदाचे नव्या घरात! नळ जागोजागी आणि पाण्याचा मात्र ठणठणाट. भिंगरीचे बाबा उरलेलं सामान आणायला गाडी घेऊन परत गेले, म्हणजे बोअरचं काम माझ्याच गळ्यात. आमची सहा वर्षांची लेक नावाप्रमाणेच भिंगरी, एका जागी ठरेल तर शपथ! दिवसभर ती या खोलीतून त्या खोलीतून हाका मारते आणि मी ओरडते, थांब, आलेच! शेजाऱ्यांना वाटणार, माझं नावच थांबआलेच आहे.

बुधवार, ७ मार्च
बोअरची गाडी आली. परसात धूळच धूळ, आणि आवाज असा की कानाशी बोललेलंही ऐकू येईना. म्हणून बोअरवाले काका आणि त्यांचा जोडीदार पाइपवर पान्याने ठोके देऊन बोलतात. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे वर घे, तीन म्हणजे खाली सोड. भिंगरीने ते लगेच उचललं. जेवताना ताटावर चमच्याने तीन ठोके, म्हणजे घास पोटात सोड!

काकांनी खालून आलेला चुरा तळहातावर दाखवला. आधी मुरूम, मग काळा दगड, मग विटेसारखी लाल माती. पाणी दगडात नसतं, दगडाच्या भेगेत असतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आमच्या सासूबाईंच्या मायेसारखंच, मी म्हटलं. काका पोट धरून हसले.

गुरुवार, ८ मार्च
लाल मातीखाली पाइप सटकन निसटला. पोकळी लागली म्हणत काकांनी इंजिन बंद केलं. तेवढ्यात पाइपवर दोन ठोके पडले. काकांचा हात सवयीनेच दांड्यावर गेला आणि इंजिन पुन्हा चालू करून त्यांनी पाइप वर घेतला.

मग त्यांनी जोडीदाराकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात खिशात होते. पाना जमिनीवर पडलेला.

पाइपच्या टोकाला दगड फोडायचं पातं नव्हतं. तुटलेलं नव्हतं, आटे चांगले शाबूत होते. कुणीतरी खाली फिरवून काढून घेतलं होतं. काका पांढरेफटक पडले. बोअरवर आट्याचं झाकण बसवून घोटभर पाणीही न पिता निघाले. ठोका आला तर उत्तर द्यायचं नाही, एवढंच बजावून गेले.

शुक्रवार, ९ मार्च
काल काकांची घाबरगुंडी बघून मला हसू आलं होतं, ते आज कुठल्या कुठे गेलं. सकाळी भिंगरी परसात दगडाने झाकण वाजवत होती. दोन ठोके. धावत जाऊन तिला उचललं. खालचं कुणीतरी सारखं वर घे म्हणतं, म्हणून मीही वर ये म्हटलं, असं ती म्हणाली. तिला धपाटा घातला आणि रडले मीच.

झाकण पान्याने पुन्हा आवळलं. तिच्या बाबांना फोन केला. उद्या दुपारी गाडी घेऊन येतो म्हणाले. मला भीती वाटते आहे. एवढ्याशा लेकराने कुणाला बोलावलं?

शनिवार, सकाळ
झाकण गवतात पडलंय. भोवतीच्या धुळीत एकही पाऊल नाही, म्हणजे बाहेरून कुणी हात लावलेला नाही. ते आतून फिरलंय.

कड्या लावून बसलोय. ठोके आता परसातून नाही, फरशीखालून येतात. दोन. दोन. तिला घेऊन रस्त्यावर पळावं म्हणून दार उघडलं, तर पायरीखाली— दोन.

दुपार
मला कसं सुचलं नाही! एक म्हणजे थांब. बत्ता घेऊन फरशीवर एकच ठोका दिला. जोरात.

थांबलं. खरंच थांबलं! गाडी येईलच आता. काका म्हणाले होते उत्तर देऊ नका, पण हे उत्तर कुठे, हा तर—

एक ठोका. खालून. माझ्या पायाशी.

भिंगरीला चल म्हणते, ती हलत नाही. ओढते तरी नाही. ही पोर कधी एका जागी—

म्हणते, आई, त्याने थांब म्हटलंय. तू म्हणतेस ना, अगदी तसंच. थांब, आलेच—

फरशी उच—