बी बाजूचे शेवटचे गाणे

मी, पुंजाराम चिमाजी माळोदे, वय ३६, अविवाहित, अंबडच्या कारखान्यात फिटर, राहणार मखमलाबाद, नाशिक. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके मात्र ठणठणीत असून, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणायला खोलीत दुसरे कोणी नाहीच.

१. गुलाबाच्या मळ्यातील माझा हिस्सा थोरले बंधू सोमनाथ यांना मिळावा. राबले तेच.

२. माझे पाने व मापाचा व्हर्नियर मित्र भारत याला द्यावेत. नेलेली वस्तू तो परत करत नाही. आता करूही नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी.

३. काळ्या वेष्टनाची इंग्रजी कॅसेट पुतणी सृष्टी हिला, आणि टेपरेकॉर्डर शुभांगीवहिनींना. म्हणजे एकीला दुसरीशिवाय ऐकता येणार नाही.

ही कॅसेट मी १९९६ साली मेनरोडवर घेतली. शब्द निम्मेही कळत नाहीत. गिटार जड, चिखलातून ट्रॅक्टर निघावा तशी. पण वर दोन आवाज एकमेकांना धरून इतके गोड गातात की अंधाराचीही सोबत वाटते. सोमनाथदादा विचारायचे, "कुनी मेलंय का रे या गाण्यात?" मेलेले कोणी नाही, दादा. एकटे आहेत, एवढेच.

सृष्टीच्या बारशाला मी सेकंड शिफ्टला होतो. विकतच्या कॅसेटवर दुसरे काही भरता येत नाही, पण वहिनींनी तिच्या वरच्या भोकांत कापूस कोंबून बी बाजूच्या शेवटच्या, सर्वांत सुंदर गाण्यावर बारशाचा पाळणा भरून घेतला; गाणे पुसले गेले. घरी येऊन ते कळले आणि मी न जेवता झोपलो. महिन्याभरात वेगळी खोली केली. वहिनींशी आजवर बोललो नाही. त्या गाण्याची जागा आली की टेप बंद करायचो.

आई गेल्यानंतरच्या दिवाळीत ऐकता ऐकता डोळा लागला आणि टेप चालत राहिली. पाळणा संपला, मग आईचा आवाज आला, "पुंजा आला नाय का अजून? त्याच्या घुगऱ्या काढून ठेव गं, लय आवडत्यात त्याला."

वहिनी म्हणाल्या, "ठेवल्यात ना आई, ताटाखाली."

मी एकटाच होतो. खूप रडलो.

४. त्या गाण्याची नवी प्रत कोणी आणू नये. बी बाजू सर्वांनी एकत्र बसून शेवटपर्यंत ऐकावी.

५. तेराव्याला गोडधोड नको. वहिनींनी घुगऱ्या कराव्यात आणि माझ्या वाटच्या ताटाखाली ठेवाव्यात. या वेळी मी उपाशी झोपणार नाही.

साक्षीदार: लंकाबाई खोडे (शेजारीण), बारकू विधाते (सहकारी)
सही: पुंजाराम चिमाजी माळोदे
नाशिक, १४ जानेवारी २००७