म्झियाबाईंचा उपास

अल नहदा, शारजा
मंगळवार

प्रिय प्रभे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. आमच्या राजाभाऊंची शुगरसुद्धा. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, माझं वाक्य संपायच्या आत तुझा सल्ला सुरू होतो. शिवाय जे सांगायचंय ते फोनवर सांगितलं तर तू पटकन हो म्हणशील, आणि मला तुझं पटकन हो नकोय. आमचा सिद्धांत उद्या त्याच्या ऑफिसच्या कामाला तुमच्या फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर येतोय, त्याच्या हाती देतेय. आत काय आहे ते त्याला माहीत नाही. पाकीट डिंकाने चिकटवलंय, तरी उघडलेलं दिसलं तर कान धर त्याचा.

तर सिद्धांतच्या नातियाची आई आली आहे जॉर्जियाहून. नातिया तुला आवडली होती, मला ठाऊक आहे. दिवाळीत तुझ्याकडे आली तेव्हा करंज्यांना अशी मुरड घालत होती की तू मला स्वयंपाकघरात ओढून म्हणालीस, मृणाल, ही पोरगी सोडू नकोस. दातांच्या दवाखान्यात काम करते म्हणून हात चपळ असेल असं मी म्हटलं होतं. आता कळलं, ते आईचं शिक्षण आहे. आईचं नाव म्झिया. उच्चार करताना राजाभाऊंची जीभ अजून अडखळते, म्हणून ते सरळ बाई म्हणतात. गावातल्या शाळेत गणित शिकवायच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, ही एकुलती एक. आपल्याकडे मुलाकडचे पोहे खायला जातात आणि नाकं मुरडून येतात. इथे मुलीची आई विमानाने आमची परीक्षा घ्यायला आली. नातियाने सिद्धांतला स्पष्ट सांगितलं होतं, आई नाही म्हणाली तर लग्न नाही. बाई या रविवारी परत जातात. तेवढ्यात काय ते ठरायचं. पोरगा आठवडाभर जेवणात मीठ आहे की नाही हेसुद्धा न कळता जेवतोय.

पहिली भेट बाहेर जेवायला करायची असं ठरलं. बाईंनी जन्मात कधी आपलं जेवण खाल्लेलं नाही. आता पहिल्यांदा खाणाऱ्याला न्यायचं कुठे? अगं, मुलगी शोधणं सोपं, रेस्टॉरंट शोधणं कठीण! राजाभाऊ म्हणाले, तंदुरीवालं, पांढरे टेबलक्लॉथ, बटर चिकन, पाहुणे खूश. सिद्धांत म्हणाला डोसा, कुरकुरीत असतो, कोणालाही आवडतो. मी मोबाईलवर लोकांनी दिलेले तारे बघत बसले. एकाने लिहिलेलं अप्रतिम, त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिलेलं पोट बिघडलं. खालच्या मजल्यावरच्या मैमुनाबी म्हणाल्या, बिर्याणी खिलाओ, झगडा खलास. तिखट लागलं तर? बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं तर आपली पोर या घरात कशी राहायची, हाच विचार त्या करणार ना?

तेवढ्यात नातियाचा फोन आला की मम्मी ईस्टरपर्यंत फास्टिंग करतात. प्रभे, मला काय आनंद झाला! उपास! म्हणजे आपल्याच जातकुळीतली बाई निघाली. चैत्री नवरात्र चालू, बर दुबई भागात एका शुद्ध शाकाहारी ठिकाणी उपासाची थाळी असते, मी लगेच टेबल बुक केलं. नातियाला सांगितलं, प्युअर व्हेज आहे गं. तीही म्हणाली, मग काय प्रश्नच नाही. आणि बाईंना एकटं वाटू नये म्हणून मी सगळ्यांसाठीच उपासाची थाळी सांगितली. राजाभाऊंनी दर बघितला, पंचेचाळीस दिरहम म्हणजे हजाराच्या वर रुपये साबुदाण्याला, असं मोठ्याने म्हणाले. इतकी वर्षं झाली तरी सवय जात नाही.

थाळी आली. काय सजवली होती! तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, वर लोण्याचा गोळा. दह्यातली काकडीची कोशिंबीर, तुपाच्या फोडणीची बटाट्याची भाजी, वरीचे तांदूळ, त्यावरही तूप, श्रीखंड, आणि मोठा पेला भरून पियूष. मी अभिमानाने बाईंकडे बघते तर त्या एकेका वाटीवर बोट ठेवून लेकीला विचारतायत. लेक मला विचारतेय. मी सांगतेय, दही. दूध. तूप. हे पण तूप. नातियाचा चेहरा पडत चालला. अगं, त्यांच्या उपासाला मांस-मच्छी तर नाहीच, पण दूध, दही, लोणी, तूप काही म्हणजे काही चालत नाही! आणि चालतं काय? डाळ, भात, उसळ, पोळी. म्हणजे आपलं रोजचं जेवण त्यांचा उपास, आणि आपला उपास म्हणजे त्यांना पाप. साधं विचारलं असतं ना, काय काय चालतं बाई तुम्हाला? पण उपास म्हटला की आपलं डोकं साबुदाण्याच्या पलीकडे जातच नाही. स्वयंपाकघरात वेगळं काही तेलातलं होईल का म्हणून विचारलं, तर नवरात्रातली गर्दी, कोणी उभं राहीना. बाईंनी मुकाट्याने भाजलेले शेंगदाणे आणि एक केळं खाल्लं, आणि माझ्या हातावर थोपटलं. प्रभे, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला इतकी लाज वाटली की श्रीखंडसुद्धा घशाखाली उतरेना. राजाभाऊंच्या उतरलं. बाईंचंही त्यांनीच खाल्लं.

परतीचा रस्ता तुला माहीत आहे, दुबईहून शारजात शिरायचं म्हणजे गाड्यांच्या मागे गाड्या. बाईंच्या पोटातला आवाज मला ऐकू आला, त्यांनी पर्स पोटाशी धरली. मला रडू यायचं बाकी होतं. आमच्या बिल्डिंगच्या मागे गाडी लावली, तिथे कोपऱ्यावर एक नेपाळी खानावळ आहे. पुढे काच, काचेमागे एक बाई बसून मोमो वळत असते. रोज तिथून जाते मी, पण पाहुण्यांना तिथे न्यायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, टीव्हीवर क्रिकेट. म्झियाबाई मात्र काचेसमोर थबकल्या. एकदम लेकीचा हात धरून काहीतरी म्हणाल्या आणि आम्हाला न विचारता आत! त्यांच्याकडे असंच करतात म्हणे, खिंकाली, आपल्या उकडीच्या मोदकाएवढं, आणि उपासाला आत मशरूम नाहीतर बटाटा. मोमोवालीला हातवारे करून विचारलं, एक पारी घेतली, आणि वर शेंडी काढून असा मोदक वळून दाखवला की ती नेपाळी बाई टाळ्या वाजवायला लागली.

मग काय जेवल्या त्या! कोबी-मशरूमचे मोमो, तिळाची टोमॅटो चटणी, तेलातला राजमा, भात. या वेळी मी आत जाऊन विचारून आले, तूप नाही ना, बटर नाही ना. राजमा चाखून त्यांनी डोळे मिटले, तसलाच त्यांच्याही घरी होतो, कोथिंबीर घालून. राजाभाऊ काटा-चमचा घेऊन मोमो कापायला लागले तर बाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली! हाताने खायचा, आतला रस सांडायचा नाही. माझ्या नवऱ्याला चापट मारणारी बाई मला तिथेच आवडली. नवखं माणूस आलं की आपण उगाच त्याच्यासाठी हॉटेल शोधत बसतो. त्याला रस्त्यावर सोडावं, आपल्या घरासारखं काय आहे ते त्याला बरोबर दिसतं.

सिद्धांतला वाटलं, झालं, पास झालो. पण चहा आला, बिनदुधाचा, आणि बाईंनी कप बाजूला ठेवून मला एक प्रश्न विचारला. नातिया सांगायला तयार होईना. दोनदा आईला नको म्हणाली. मग मान खाली घालून तिने सांगितलं. बाईंना आमचा धर्म, भाषा, जेवण, कशाचीच भीती नाही. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की उद्या माझी मुलगी तुमच्या मुलावर रागावली, तर ती कोणाच्या घरी जाईल? मी फट्‌दिशी म्हटलं, आमच्या घरी! आमचं घर तिचंच की. बाईंनी मान हलवली. ते तर त्याचं घर, म्हणाल्या. आणि तुमच्यावरच रागावली तर?

प्रभे, उत्तर होतं, पण ते माझं एकटीचं नव्हतं.

मला तुझ्याकडे फुजैराला यायचा तो जुना डोंगरातला रस्ता आठवला. सिद्धांत वर्षाचाही नव्हता, मी इथे नवी. राजाभाऊंनी न सांगता अख्खं ऑफिस जेवायला आणलं आणि घरात पोहेसुद्धा नव्हते, वर मलाच सगळ्यांसमोर बोलले. दुसऱ्या दिवशी पोर काखेला, बॅग हातात, शेअर टॅक्सी करून मी तुझ्या दारात. कराडला आईकडे जायचं तर व्हिसा, तिकीट, आणि आईला काय सांगणार? तू दार उघडलंस. काय झालं विचारलं नाहीस. पोराला भावोजींच्या मांडीवर दिलंस, मला पिठलं-भात वाढलास, आणि मी जेवत जेवत रडले तर म्हणालीस, आधी जेव, पिठलं थंड झालं की वाईट लागतं. मग राजाभाऊ वाटेतल्या मसाफीच्या बाजारातून आंब्याची पेटी घेऊन आले, त्यांना तू पाणीसुद्धा विचारलं नाहीस. आंबे मात्र ठेवून घेतलेस! मला एक शब्द न विचारता तू माझी बाजू घेतलीस. इथे मी एवढी वर्षं सुखाने काढली, कारण रागावून जायला दीड तासावर माझं माहेर होतं.

मी बाईंना सांगितलं, उत्तर देते, पण आधी एका माणसाला विचारून येते. त्या हो म्हणाल्या. गणिताच्या बाई आहेत, उत्तर येईपर्यंत पाठ सोडणार नाहीत.

तर विचारतेय. प्रभे, तू आणि भावोजी नातियाचं माहेर व्हाल का? लग्नात म्झियाबाईंच्या शेजारी, मुलीच्या बाजूला उभे राहाल का? तुला लेक नाही याबद्दल मी कधी तुझ्यापाशी बोलले नाही, भीती वाटायची. पण तुझी ती रिकामी जागा भरायला म्हणून मी मागत नाहीये. दार कसं उघडायचं ते तुझ्याइतकं कोणाला कळत नाही, म्हणून मागतेय. नीट विचार कर, भावोजींशी बोल. हो म्हणालीस तर तू माझी विहीण होशील. मानपानावरून मला टोमणे मारायचा तुला हक्क, आणि तू तो सोडणार नाहीस हे मला आत्ताच दिसतंय. शनिवारी आम्ही बाईंना घेऊन तुझं घर दाखवायला येऊ. तूप-दूध काही घालू नकोस, पिठलं-भातच कर, तेवढा चालतो, मी या वेळी विचारून ठेवलंय. आणि एक वचन दे. कधी ती माझ्यावर रागावून बॅग घेऊन तुझ्या दारात आली, तर मला फोन करून सांगू नकोस, माझी बाजू तर अजिबात घेऊ नकोस. मी आंबे घेऊन आले तरी मला पाणी विचारू नकोस. तिला आधी जेवू घाल.

अजून तरी तुझीच मैत्रीण,
मृणालिनी