डाळिंबी डाळिंबीच आला पाहिजे

...आणि तुझं ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही, ताई, की "तू रंगाच्या दुकानात नोकरी करतोस की कोळशाच्या वखारीत?" पाच स्वेटर परत आले ते माझ्यामुळे, हे तू आणि भावजींनी मिळून ठरवूनच टाकलंत. मी छापलेल्या कागदावर तू विणलेला डाळिंबी स्वेटर विटकरी दिसला, गिऱ्हाइकांनी विटकरी समजून मागवला आणि पुडकं उघडल्यावर आतून डाळिंबी निघाला, हे सगळं मान्य. पण चित्राखाली ठळक अक्षरात 'डाळिंबी' लिहिलेलं होतं. वाचता येणाऱ्या माणसांनी थोडं वाचावं की नाही? मी सातवीतून शाळा सोडली तरी वाचतो.

असो. भांडण पुढे चालवणारच आहे, पण आधी रीतीचं उरकून घेतो. तुला आणि भावजींना नमस्कार. सासूबाईंना नमस्कार, आणि त्यांच्या गुडघ्यांना वेगळा (मागच्या पत्रात तू दीड पान गुडघ्यांवर लिहिलं होतंस, म्हणून विचारतो, उजवा बरा आहे ना?). मी खुशाल आहे. वजन वाढलंय, कारण खोलीतला जोडीदार बेकरीत कामाला आहे आणि मोडकी बिस्किटं घरी आणतो. चांगली बिस्किटं तोच मोडतो असा मला संशय आहे, पण खाताना मी काही बोलत नाही.

तर आता कान देऊन ऐक. म्हणजे वाच. तुझं पाकीट आलं, त्यात पाच रंगांच्या लोकरीचे गाठ मारलेले पाच धागे, आणि चिठ्ठी: दुकानवाली बाई म्हणते, महिन्याभरात खऱ्या रंगांचे कागद दाखवा, नाहीतर थंडीचे चाळीस स्वेटर मशीनवर विणणाऱ्याला देते. खाली भावजींच्या अक्षरात, "चौकातल्या फोटोवाल्याला सांगू का? भिंगरीच्याने एका जागी बसवत नाही." ताई, मी सहा नोकऱ्या सोडल्या असतील, पण भिंगरी हे नाव घरात ठेवायचं असतं, चिठ्ठीत लिहायचं नसतं. ते वाचलं आणि मी ट्रंकेवरच्या प्रिंटरसमोर मांडी घालून बसलो, तो महिनाभर उठलो नाही. (कामावर जात होतो. उगाच भावजींना सांगू नकोस.)

पहिल्यांदा कळलं ते हे, की फोनचा पडदा लबाड असतो. तू पाठवलेला फोटो त्यावर असा झळाळायचा की स्वेटरला आतून दिवा लावलाय असं वाटावं, आणि कागद मात्र आजाऱ्यासारखा. मी आठवडाभर कागदाला शिव्या घातल्या. शेवटी बेकरीवाला पाव चावता चावता म्हणाला, "अरे पडद्याला वीज आहे, कागदाला कुठे आहे?" माणूस अडाणी आहे, पण बोलला खरं. मग पडद्याचा उजेड निम्म्याहून कमी केला, तेव्हा कुठे दोघं एकमेकांच्या ओळखीचे वाटायला लागले.

नंतर कागद. म्हटलं खर्च करू, चकचकीत फोटोचा कागद आणला. छापलं, तर शाई कागदावर तेलाच्या थेंबासारखी पळतेय. बोट लावलं की स्वेटरची बाही गळ्यापर्यंत. असे आठ कागद गेले. मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो, रस्त्यात बोटावर मोजत की काय काय बोलायचं, आणि तिथे त्या माणसाने शांतपणे कागद उलटा केला. मी आठही कागद पाठीमागून छापले होते. (ओल्या बोटाला जी बाजू चिकटते ती खरी बाजू, हे लक्षात ठेव, कुठे सांगायला उपयोगी पडेल.) वर तो म्हणाला, की प्रिंटरलाही सांगावं लागतं हा कोणता कागद आहे म्हणून, नाहीतर तो साधा समजून भसाभसा शाई ओततो. आता त्याच्या पोटातून कागद जातो आणि त्यालाच ठाऊक नाही, हे मला कसं सुचणार?

बरं, हेही जमलं, तर रंग अजूनच भडक. अबोली स्वेटर पेटल्यासारखा. त्याचं कारण सापडायला चार दिवस लागले. बेकरीवाल्याचा कॉम्प्युटर आपल्या अकलेने रंग सुधारायचा आणि सुधारलेला रंग प्रिंटर पुन्हा आपल्या अकलेने सुधारायचा. एकाच भाजीत दोघांनी मीठ घालावं तसं. मी प्रिंटरची अक्कल बंद केली. भाजी खाण्यासारखी झाली.

आणि इथून पुढे, ताई, मी जे केलं ते चौकातल्या फोटोवाल्याच्या बापाला सुचलं नसतं. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या भिंतीचा रंग जुळवायचा असला की आम्ही कधी डब्यात बघून ठरवत नाही. बोटभर रंग पुठ्ठ्यावर ओढायचा, पूर्ण वाळू द्यायचा, आणि मग दारात, सावलीतल्या उजेडात धरायचा. ओल्या रंगावर भरवसा नाही, ट्यूबच्या उजेडावर तर मुळीच नाही. मी शाईलाही तोच न्याय लावला. अख्खा स्वेटर छापायचं बंद. बोटाएवढ्या पट्ट्या छापल्या, एकीत गुलाबी चिमूटभर जास्त, दुसरीत पिवळा कमी, प्रत्येकीवर नंबर. एक रात्र वाळवायच्या, सकाळी खिडकीत तुझ्या धाग्याला लावून बघायच्या. भिंतीवर इतक्या पट्ट्या झाल्या की घरमालकीणबाईंनी विचारलं, "लग्न कुणाचं आहे?"

एकतिसाव्या पट्टीला डाळिंबी जुळला! धागा आणि पट्टी, सख्खी भावंडं. मी नाचत कामावर गेलो, मालकांसमोर दोन्ही ठेवलं. मालक तीस वर्षं रंगात आहेत आणि सहसा हसत नाहीत. त्यांनी धागा उचलला, गाठ नखाने उकलली आणि म्हणाले, "कुठे ठेवत होतास हा?" म्हटलं, पहिल्या दिवसापासून खिडकीत टाचणी लावून. रोज उजेडात बघायचा तर रोज काढा-ठेवा कोण करणार? मालकांनी उकललेली गाठ माझ्या नाकासमोर धरली. गाठीच्या आतली लोकर गर्द डाळिंबी, आणि बाहेरचा सगळा धागा तीन आठवडे ऊन खाऊन फिका पडलेला. ताई, मी तीन आठवडे उडालेल्या रंगाशी रंग जुळवत होतो, आणि तोही इतका अचूक की कुणी बोट ठेवू नये!

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. खरं सांगतो, त्या दिवशी फोटोवाल्याला सांग म्हणून कळवणारच होतो. मालक मागून म्हणाले, "उडालेला जुळवलास, तर ताजा का जुळणार नाही? ऊठ, मोठा आलाय बसणारा."

पाचही गाठी उकलल्या, धागे बिस्किटाच्या डब्यात झाकून ठेवले, बघण्यापुरतेच बाहेर. सहा दिवसांत चार रंग बसले. मग कागदावर छापलेल्या डाळिंबी स्वेटरशेजारी एक धागा छापला, सावलीसकट, आणि त्याच्याशेजारी तुझा खरा धागा डिंकाने चिकटवला. कागद दुकानाच्या दारात धरला आणि मालकांना म्हटलं, यातला खरा धागा काढून द्या. मालकांनी चष्मा पुसला, मान वाकडी केली, हात पुढे केला आणि नखाने छापलेला धागा खरवडायला लागले! एकदा नाही, दोनदा! मागे गिऱ्हाईक उभं होतं, तेही म्हणालं, "घट्ट चिकटवलाय." मालक माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "गाढवा, घरच्या मशीनवर?" तीन वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणालाही इतकं चांगलं म्हटलेलं नाही.

पत्रासोबत बारा कागद आहेत. दुकानवाल्या बाईला दाखव, आणि भावजींनाही, त्यांना जरा जास्त वेळ दाखव. चाळीस स्वेटर आपलेच. सासूबाईंना पुन्हा नमस्कार.

तुझा,
(चिठ्ठीत लिहायचं नसतं तो)

ता. क. कागद बाईच्या पिवळ्या बल्बखाली दाखवू नकोस. तिला काहीतरी निमित्त काढून दारात आण.

आणखी एक. मोरपंखी काही जुळला नाही. चार शायांमध्ये तो रंगच नाही, हे मालकांनीही मान्य केलं. म्हणून त्या चित्राशेजारी मी खऱ्या लोकरीचा तुकडा चिकटवलाय. आता भावजी विचारतील, मग पाचही रंगांना नुसते लोकरीचे तुकडेच का नाही चिकटवले? त्यांना विचारू देऊ नकोस. हाच प्रश्न बेकरीवाल्याने विचारला आणि आम्ही दोन दिवस बोलत नव्हतो.

शेवटचं. ते पहिले कागद छापले तेव्हा प्रिंटरची गुलाबी शाई अडकली होती. शाई तपासायला आधी एक पट्टी छापतात, तिच्यात गुलाबीच्या रेघा पडक्या दातांसारख्या तुटलेल्या मला दिसल्या होत्या. पण टपाल निघायची वेळ झाली होती, आणि मला वाटलं, कुणाला कळतंय. म्हणजे वर गिऱ्हाइकांच्या वाचण्याबद्दल लिहिलंय ते खोडलेलं समज. परत आलेल्या पाच स्वेटरांची लोकर आणि तुझी मजुरी धरून पाठवतोय, चार हजार सातशे पन्नास.