समुद्र कुठे जातोय

डब्लिन, ओहायो
६ फेब्रुवारी २०२५

चि. यामिनीस,
अ. उ. आ.

हो, पत्रच आहे. पाकीट बघून तुला वाटलं असेल, ताईला वेड लागलं. वेड नाही, वैताग. फोनवर मी बाबांचं नाव काढलं की तुझी ट्रेन तरी येते, नाहीतर दुसरा कॉल तरी येतो. कागदाला दुसरा कॉल येत नाही. शिव म्हणाला, निदान ईमेल कर. मी म्हटलं, ईमेल ती मीटिंगमध्ये वाचेल आणि अंगठा पाठवेल.

तर विषय असा. दिवाळीत तू स्वतःहून म्हणाली होतीस, की तुम्ही दोघं कुठेतरी जाऊन या, बाबांजवळ मी राहते. शिवने जागा शोधली आहे. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर ताविरा म्हणून लहानसं गाव आहे. मधून नदी, कौलारू घरं, आणि समुद्र गाठायचा तर बोटीने समोरच्या बेटावर जायचं. तिथे बघण्यासारखं फारसं नाही असं शिव वाचून दाखवत होता, आणि मला तेच आवडलं. मला काही बघायचंच नाहीये. नेवार्कहून लिस्बनला थेट विमान आहे, पुढे ट्रेन. मेचा पहिला आठवडा. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे आले, तेव्हापासून आम्ही दोघं एका वेळी घराबाहेर पडलेलो नाही. किराणासुद्धा पाळीपाळीने आणतो. आमच्या अंकुरला स्टेट कॉलेजला डिग्री मिळाली, तेव्हाही त्याचा बाबा एकटाच गेला. मी फोटो पाहिले.

बाबा आहेत तसे आहेत. परवा शेजारच्या बाईंच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडात धरून बघितला आणि परत त्यांना घातला. सांगलीच्या चष्म्याच्या दुकानात जन्मभर तेच केलं. हात विसरत नाहीत. बाई हसल्या. सगळेच दिवस असे हसण्याचे नसतात. बाकीचं तू आलीस की सांगेन.

हो की नाही, एवढंच कळव. नाही असेल तर आत्ताच नाही म्हण. नंतरचं नाही मला झेपणार नाही.

कबीरला आशीर्वाद. तुझा लोभ आहे हे मला ठाऊक आहे. या वेळी तो जरा कामाला लाव.

तुझी,
सावनीताई

*

जर्सी सिटी
१७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट बघून मला वाटलं कुणीतरी गेलं! कबीर इथेच जन्मलेला, त्याला मराठी वाचता येत नाही, पण त्याने पत्र फ्रिजवर लावलंय. अक्षर आवडलं म्हणाला.

येस, येस, येस. मी येतेय. कॅलेंडर ब्लॉक केलंय, बॉसला सांगून ठेवलंय. बुक करून टाक. पण ताविरा का यार? इटलीत जा ना, अमाल्फीला. कबीर आणि मी हनिमूनला गेलो होतो, काय व्ह्यू आहे! तुमच्या त्या बेटावर आठवडाभर बसून करणार काय? भावजी दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काढतील.

आणि बाबांचं तू फार टेन्शन घेतेस. रविवारी व्हिडिओ कॉलवर किती मस्त बोलले माझ्याशी! बारीक झालीस म्हणाले, दुकानात ये, नंबर तपासून देतो म्हणाले. मला तर ते पूर्वीपेक्षा गोड वाटतात. आपल्याशी कधी एवढं हसून बोलले होते का? तुला राग येईल, पण मला वाटतं तू त्यांना जरा जास्तच जपतेस.

बाय द वे, नाताळच्या फोटोत तुझ्या मनगटावर केवढं काळंनिळं झालंय! कपाटाचं दार लागलं म्हणालीस. ते दार बदलून घ्या.

भावजींना नमस्कार. पत्र लिहून हात दुखायला लागला, यावरून लोभ किती ते समजून घे.

तुझी,
यामू

*

जर्सी सिटी
१४ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितेय. प्लीज पूर्ण वाच आणि मगच चिड.

आमची कंपनी दुसऱ्या कंपनीत मर्ज होतेय. माझी टीम राहणार की जाणार हे मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत ठरणार आहे. अशा वेळी मी ओहायोत बसून चालणार नाही. मी प्रयत्न केला, खरंच केला. बॉस तोंडावर काही म्हणत नाही, पण मला कळतं.

ऑक्टोबरमध्ये जा ना. गर्दी कमी, हवा छान. तिकिटांच्या तारखा बदलून मिळतात. समुद्र कुठे जातोय? आणि जायचंच असेल तर आठवडाभर एखादी नर्स ठेव. इथे सगळे ठेवतात. बाबा तिला दोन दिवसांत पटवतील, तिचा चष्मा पुसून देतील.

मला खूप गिल्टी वाटतंय. रागावू नकोस. आणि रागावलीस तरी लोभ थोडा बाजूला काढून ठेव.

तुझी,
यामू

*

डब्लिन
१९ एप्रिल २०२५

यामिनी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून पुढच्या ओळीवर आले.

समुद्र कुठे जातोय, असं तू लिहिलंस. हे वाक्य मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. मग शिवला मोठ्याने वाचून दाखवलं, मग बाबांनाही. बाबा म्हणाले, की बरोबर आहे. बरोबरच आहे. समुद्र कुठे जात नाही आणि मीही कुठे जात नाही. तुझ्या लेखी आम्ही दोघं सारखेच. कधीही यावं, जागेवर असतातच.

ऑक्टोबरमध्ये बाबा कसे असतील हे तुला माहीत आहे का? मला नाही. मला उद्या सकाळचं माहीत नसतं. नर्सा ठेवून झाल्या. दोघी आल्या, दोघी गेल्या. का गेल्या, हे तुझ्या मनात कधी आलं नाही.

तुझं काम मोठं आहे, मान्य. माझंही काम होतं. मी शाळेत गणित शिकवायचे आणि मला ते आवडायचं. नोकरी सोडली तेव्हा तू फुलं पाठवली होतीस, कार्डावर लिहिलं होतंस, की ताई तू देवी आहेस. मी देवी नाही. मी पन्नाशीची, पाठ धरलेली, चिडलेली बाई आहे आणि मला दार लावून आंघोळ करायची आहे. मला एक जेवण बसून जेवायचंय. मला नवऱ्याशी औषधं सोडून दुसऱ्या कशावर तरी भांडायचंय. हे मागायला पोर्तुगालला कशाला जावं लागतं, असं तू म्हणशील. जावं लागतं, कारण इथे असले की मला हाक येते.

आणि गिल्टी वाटतंय हे मला लिहून कळवू नकोस. तुझी ती भावनाही मीच सांभाळायची का?

शिव म्हणाला, कॅन्सल करू, पुढच्या वर्षी बघू. मी त्याच्यावरही ओरडले. इतकी, की बाबा घाबरून खोलीत गेले आणि मग त्यांनाच समजावत बसावं लागलं. तिकिटं तशीच आहेत. यापुढे मी तुला काही विचारणार नाही.

लोभाचं तुझं तू बघ.

सावनी

*

जर्सी सिटी
४ मे २०२५

ताई,

हे लिहून फोटो पाठवतेय, कारण तू फोन उचलत नाहीस आणि भावजी नुसतं 'सगळं ठीक ना' असं विचारून ठेवून देतात. काही ठीक नाही!

तू हे केलंस यावर माझा अजून विश्वास बसत नाही. शनिवारी दुपारी खालून डेस्कवरच्या माणसाचा फोन, की तुमचे वडील आलेत. मी धावत खाली गेले तर बाबा लॉबीत त्या माणसाचा चष्मा पुसत उभे, पायाशी दोन बॅगा, आणि तू दारात, गाडी चालू ठेवून. गोळ्या निळ्या पिशवीत आहेत म्हणालीस, पुढच्या शनिवारी येतो म्हणालीस आणि निघून गेलीस. एवढा ड्राइव्ह करून आलात आणि वर आला नाहीत. मी भर रस्त्यात ओरडत होते, तू वळून पाहिलं नाहीस. आपला बाप म्हणजे काय पार्सल आहे?

आज आंघोळीला बसवलं तर त्यांनी मला मारलं, ताई. कानाखाली, जोरात. आणि जे शब्द वापरले ते त्यांना येतात हेच मला माहीत नव्हतं. कबीर मध्ये पडला तर त्याच्या हाताला चावले. थोड्या वेळाने शांत झाले आणि मलाच विचारायला लागले, की गालाला काय झालं, पोरी? हळद लाव म्हणाले. घरात हळद नव्हती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर कबीर त्यांच्याशी खाणाखुणांनी बोलत होता.

कपाटाचं दार म्हणे! तू मला धडधडीत खोटं सांगितलंस. मी इतके महिने हसत होते, पटवतील, गोड आहेत, काय काय लिहीत होते, आणि तू ते लिहू दिलंस. मला मूर्ख ठरवलंस. मर्जरचं तर सोडच, उद्या ऑफिसला जायचं कसं?

उत्तर दे. आत्ता.

यामिनी

*

ताविरा
६ मे २०२५

चि. यामिनीस,

फोटो मिळाला. तसाच फोटो पाठवतेय. फोन मी उचलणार नाही, कारण पलीकडून बाबांचा आवाज आला तर मी परत येईन.

आधी कामाचं. आंघोळ सकाळी नको, दुपारी जेवणानंतर घाल. पाणी पहिल्यांदा त्यांच्या तळहातावर, पाठीवर कधीच नाही. चष्मा शेवटपर्यंत काढायचा नाही. चष्मा निघाला की समोर कोण आहे ते कळत नाही आणि मग ते जिवाच्या भीतीने मारतात. रागाने नाही. हे समजायला मला वर्ष लागलं, तुला आयतं सांगतेय.

का लपवलं म्हणतेस. तुला सांगितलं असतं तर होममध्ये ठेव म्हणाली असतीस, आणि मी तुझं ऐकलं असतं, इतकी दमले होते. पण ते अर्धंच कारण. तुला ते व्हिडिओवर गोड वाटत होते. जगात एका माणसाला तरी माझे वडील गोड वाटताहेत, ते मला मोडवेना. मग हळूहळू मला त्याचाच राग यायला लागला. तू फोनवर हसलीस की मी भांडी आपटायचे.

तुझ्या दारात मी वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर बॅगा परत गाडीत ठेवल्या असत्या. पुढच्या वळणावर शिवने गाडी बाजूला घेतली. त्याला पुढचं दिसत नव्हतं. मला चांगलं दिसत होतं. मी म्हटलं, चल.

इथे छान आहे, आणि त्याचाही मला राग येतो. पहिला दिवस मी झोपले. काल नदीकाठी जेवायला बसलो. भाजलेले मासे आले, अख्खे, आपल्या बांगड्यासारखे. शिव काहीतरी बोलत होता, मी हो हो म्हणत होते. मध्येच तो माझ्या हातांकडे बघायला लागला. बघते तर मी त्याच्या ताटातला मासा पुढे ओढून त्याचे काटे काढले होते, घास केले होते, त्यात भात कालवत होते. तो फार हळू म्हणाला, की सावनी, मला काटे काढता येतात. यामिनी, मी तिथे सगळ्यांसमोर काटा-चमचा आपटला आणि त्याला वाट्टेल ते बोलले. त्याची काय चूक होती? वेटर आला, ताट उचलून घेऊन गेला, दुसरं आणलं. माझ्यापुढे ठेवलं.

मी क्षमा मागत नाहीये. शनिवारी येऊन त्यांना घेऊन जाईन.

तुझा गाल अजून दुखत असेल तर बर्फ लाव.

ताई

*

जर्सी सिटी
८ मे २०२५

ती. ताईस,
सा. न.

तळहातावर पाणी घातलं. चष्मा ठेवला. काल आंघोळ झाली, कुणाला लागलं नाही. शेवटी ते माझ्याच डोक्यावर पाणी ओतायला लागले. कबीर दारात टॉवेल घेऊन उभा होता, तोही भिजला.

शनिवारी त्यांना न्यायला येऊ नकोस. जेवायला या दोघं, पण नेऊ नका. उन्हाळा संपेपर्यंत बाबा इथे राहतील. ऑफिसमध्ये सांगितलं, की वडिलांसाठी रजा हवी. बॉसने विचारलं, मर्जरच्या मध्यावर? मी हो म्हटलं, आणि आवाज चढला माझा, सगळा फ्लोअर बघत होता. टीम राहते का जाते ते बघू.

हे मी तुझ्यावर उपकार म्हणून करत नाहीये. मला तुझा भयंकर राग आलाय. तू इतकी वर्षं परस्पर ठरवून टाकलंस, की यामूला झेपणार नाही, तिला फक्त गोड बाबा दाखवू. ते माझेही वडील आहेत. त्यांचं मारणंसुद्धा अर्धं माझं होतं. ते सगळं एकटीने खाल्लंस आणि मग मलाच म्हणतेस, तू कधी विचारलं नाहीस. नाही विचारलं. तू दार बंद करून बसली होतीस.

एक सांगायचंय. आज सकाळी चहा दिला तर एक घोट घेतला आणि कप सरकवून दिला. मग सुरू झाले. मला, माझ्या हाताला, या घराला, सगळ्याला नावं ठेवली. आणि मग म्हणाले, की माझी थोरली आहे, तिच्या हाताला चव आहे, तिच्यासारखं माणूस नाही, तिला बोलवा. ताई, आपण त्या माणसाच्या तोंडून उभ्या जन्मात कुणाचं कौतुक ऐकलेलं नाही. तू दहावीला बोर्डात आलीस तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली होती. आणि आज हे, मला शिव्या देताना. मी तिथे ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते. इतका राग आला मला! तू इथे असायला हवी होतीस, आणि तू तिकडे मासे खात होतीस.

रागासकट नमस्कार.

यामू

*

ताविरा
८ मे २०२५

चि. यामूस,
अ. उ. आ.

वाचलं. शिवलाही वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना मला पुढे वाचता येईना, म्हणून त्याने वाचलं.

बाबांच्या राहण्याचं शनिवारी बोलू. मी नाही म्हणणार नाही, पण हो म्हणायलाही मला थोडा वेळ लागेल. भांडणही बाकी आहे, ते समोरासमोर करू.

पण आत्ता, ऑफिसचा फोन आला तरी घेऊ नकोस, आणि मला नीट लिही. बाबांनी नेमके काय शब्द वापरले? पहिल्यापासून लिही. सगळे. शिव्यांसकट.

वाट पाहतेय,
ताई