थोरल्याला आजोबाचं नाव

फाइफ, रविवार

प्रिय आई,

मी ठीक आहे, बाळ पोटात लाथा मारतंय. माझा रॉबर्टही मजेत आहे, खाणीतून आला की जरा खोकतो इतकंच. तुझे गुडघे कसे आहेत?

आज चर्चमधून येताना सासऱ्यांनी घराण्याचं थडगं दाखवलं. गॅव्हिन, रॉबर्ट, पुन्हा गॅव्हिन, पुन्हा रॉबर्ट. सगळे कोळशाच्या खाणीतच मेलेले. दगडावर नावांखाली बरीच जागा मोकळी आहे.

"थोरल्याला आजोबाचं नाव, म्हणजे माझं. तुझा गॅव्हिनच!" ते म्हणाले.

"दुसरं ठेवलं तर?"

सासूबाई हसल्या. "नाव बदललं म्हणून खाण त्याला सोडणार आहे होय?"

सासऱ्यांनी होणाऱ्या नातवासाठी आपला खाणीतला दिवाही घासून ठेवलाय.

पहिली मुलगी झाली, तर रिवाजाने तिला तुझं नाव मिळेल. इथे सगळे मुलगा मागतायत. तू तेवढं उलटं माग.

तुझीच,
एल्स्पेथ