बाबांच्या दाढीचं ब्लेड

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून डायरी. कारण: बाबांची दाढी.

आधी पार्श्वभूमी लिहून ठेवतो, नंतर माझाच गोंधळ नको. बाबांना झटका येऊन महिना झाला. उजवा हात उचलत नाही. जीभ जड झालीय, एक वाक्य पुरं होईस्तोवर चहा थंड होतो. डोकं मात्र शाबूत. सगळी नोकरी वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढली, दुकानदार त्यांना लांबून बघूनच तराजू पुसायला घ्यायचे. दाढी रोज, स्वतःच्या हाताने. स्टीलचा जुना रेझर, ब्रश, साबणाची वाटी. आता गालांवर पांढरं रान माजलंय. सलूनवाल्याला घरी बोलावलं तर बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तो बिचारा चहा पिऊन गेला. बायकोने विचारलं, मग बाबा, कुणाकडून करून घ्याल? बाबांनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

म्हणजे जबाबदारी माझी. आनंदाने घेतली. अडचण एकच. त्यांचं ठरलेलं ब्लेड कंपनीने बंद केलंय आणि घरातलं शेवटचं पाकीट संपलंय. नवीन निवडायचं. निवड हा तर माझाच प्रांत! ऑफिसात मी पर्चेसला आहे. तीन नमुने आणि तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय मी कंपनीसाठी टाचणीसुद्धा घेतलेली नाही.

दोन दिवसांचं काम.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात गेलो. ब्लेड म्हटल्याबरोबर दुकानदाराने एक पाकीट पुढे सरकवलं. विचारलं, हेच का? म्हणाला, सगळे हेच नेतात. ही काय निवड झाली? धार किती, कोटिंग कसलं, किती दाढ्यांनंतर बोथट होतं, असं विचारल्यावर म्हणतो, साहेब, दाढीसाठीच हवंय ना? उद्धट मनुष्य.

पाच प्रकार घेतले. निळं, हिरवं, पिवळं, लाल, काळं. पाकिटांवर वाटेल ते छापलेलं असतं, मी रंगानेच ओळखणार. संध्याकाळी इंटरनेटवर वाचन केलं. या विषयावर जगभर माणसं हमरीतुमरीवर आलेली आहेत. काही ब्लेडं धारदार पण आग करणारी. काही मऊ, पण केस ओढतात. शिवाय एका रेझरमध्ये गाय असलेलं ब्लेड दुसऱ्या रेझरमध्ये वाघ होतं म्हणे. कल्पनाच नव्हती.

बायको म्हणाली, कुठलंही एक उघड आणि कर. तिला पर्चेस कळत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

निर्णय: चाचणी आधी स्वतःवर.

कारण उघड आहे. बाबांची कातडी सैल, गळ्याच्या घड्या नाजूक आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू. एक जरी काप गेला तर? मी आजवर गालांवरून इलेक्ट्रिक मशीन फिरवत आलो, असला रेझर कधी धरलेला नाही. पण तत्त्व सोपं आहे. तीस अंशाचा कोन, दाब शून्य.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी: काळं. अतिशय धारदार.

दुपारी: रक्त थांबलं.

८ फेब्रुवारी, रविवार

ताईचा व्हिडिओ कॉल. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दुसऱ्या गावी असते, पण दरारा इथपर्यंत पोचतो. बाबांना बघून म्हणाली, हे काय, बाबा ओळखू येत नाहीत. मी सांगितलं की तुलना अंतिम टप्प्यात आहे. म्हणाली, अरे दाढी करायचीय की पूल बांधायचाय? मग एकदम आवाज उतरवून म्हणाली, मी बावीस तारखेला येते. तोवर तुझ्याकडून एवढंही झालं नाही, तर बाबांना मी माझ्याकडे घेऊन जाते. कायमचं.

बाबा ऐकत होते. कॉल संपल्यावर त्यांनी तोंडावरून डावा हात फिरवला आणि पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं.

बाबा कुठेही जाणार नाहीत. ते इथेच राहणार, त्यांच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर. मला घरी आल्यावर त्यांचा रेडिओ ऐकू आला नाही तर करमणार नाही. आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नाही, ते सोडा. चौदा दिवस म्हणजे भरपूर आहेत.

११ फेब्रुवारी, बुधवार

लाल: ओढतं. पिवळं: ओढत नाही, कापतही नाही. हिरवं: चांगलं वाटलं, पण पहिल्याच दाढीवर मत बनवणं योग्य नव्हे. निळं: हनुवटीखाली दोन काप, पैकी एक माझ्या चुकीने.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, घरी मांजर पाळलंय का? सगळे हसले. हसू देत. याच लोकांना मी खुर्च्या निवडून दिल्या होत्या. निवडीला वेळ लागला हे खरं, तोवर ते स्टुलांवर बसले हेही खरं, पण आज एकाची तरी पाठ दुखते का? विचारलं तर दोघे म्हणाले, दुखते. ती स्टुलांमुळे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज करणारच होतो.

बायकोने बाबांना उठवून खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल लावला. ती हे सगळं रजा काढून करते आहे, आंघोळ, जेवण, गोळ्या. मी गरम पाणी घेऊन दारापर्यंत गेलो. बाबांनी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. गळा पूर्ण उघडा. शीर उडताना दिसत होती.

पाण्यात बोट घातलं. कोमट. कोमट पाण्याने केस मऊ होत नाहीत हे सर्वमान्य आहे. परत तापवायला गेलो तोवर ऑफिसची वेळ झाली. बाबांना सांगितलं, उद्या नक्की.

संध्याकाळी बायको म्हणाली की बाबा तसेच टॉवेल लावून, मान वर करून दुपारपर्यंत बसले होते. टॉवेल काढू देईनात. मी म्हटलं, तू त्यांना नीट समजवायला हवं होतंस. त्यावर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. गीझरचं तापमान तपासून घेणे.

१५ फेब्रुवारी, रविवार

माझा चेहरा सुजला आहे. डॉक्टर म्हणाले, दिवसातून तीनदा दाढी कशाला करता? चाचणी म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मलम दिलंय. पंधरा दिवस चेहऱ्याला ब्लेड लावायचं नाही.

ऐन मोक्याच्या वेळी चाचणी थांबली. याला म्हणतात नशीब.

हिरवं आणि निळं यांच्यात अजून निर्णय नाही. चाचणी चालू राहिली असती तर तोही लागूनच गेला असता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

उपाय सापडला. दाढी शिकणारे लोक फुग्यावर सराव करतात. फुगा फुगवायचा, फेस लावायचा, रेझर फिरवायचा. फुटला नाही तर हात तयार झाला. मानवी गालाच्या जवळ जाणारी दुसरी वस्तू नाही.

बाबांच्या खोलीशेजारीच बसलो, म्हणजे त्यांनाही धीर येईल. पहिला फुगा फुटला. पलीकडे पाण्याचा तांब्या पडला. दुसरा फुटल्यावर बायको आली आणि उरलेले फुगे घेऊन गेली. बाबांची छाती धडधडत होती, त्यांना पाणी पाजून झोपवलं, असं नंतर कळलं. मुद्दाम थोडंच केलं?

तरी एक फायदा झाला. दोन्ही फुगे निळ्याने फुटले. म्हणजे हिरवं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

घरी आलो तर बायकोने बाबांची दाढी कात्रीने बारीक केलेली. स्वयंपाकघरातल्या कात्रीने! मला न विचारता! म्हणाली, केस एवढे वाढलेत की तुझं कुठलंच ब्लेड चाललं नसतं. हे वाचनात आलं होतं, मी रविवारी सकाळी करणारच होतो.

मग ती म्हणाली, तुझं ब्लेडबिड काही नाही. तू घाबरतोस. बाबांच्या चेहऱ्याला तू कधी हात लावलायस का, सांग.

आठवून बघितलं. प्रश्न गैरलागू आहे. या गोष्टीचा ब्लेडशी काहीही संबंध नाही.

जेवताना परत आठवून बघितलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

तयारी पूर्ण. तक्ता बंद. हिरवं.

रेझर खोलून तिन्ही भाग उकळत्या पाण्यातून काढले, पुसून ठेवले. ब्रश भिजवून बघितला. तुरटी, मलम, कापूस, डॉक्टरांचा फोन नंबर, सगळं हाताशी. ताईची गाडी उद्या दुपारी पोचते. सकाळी दाढी. दुपारी ताई दारात, समोर बाबा गुळगुळीत, शेजारी मी. मी काही बोलणार नाही. तिने पाहिलं की पुरे.

बाबांना सांगितलं, उद्या. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. विश्वासाने बघितलं असं माझं मत आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

झाली! केली! मी!

घाईत लिहितोय. ताई लवकरच्या गाडीने आलीय, आत हातपाय धुतेय.

सकाळी रेझर जोडताना तो नळाखाली दोनदा हातातून निसटला. वाफेने चष्मा धुरकटला म्हणून काढून ठेवला. फेस मात्र भरपूर झाला. मग डाव्या हाताने बाबांची हनुवटी धरली. खरखरीत आणि गरम. इतकी लहान असेल असं वाटलं नव्हतं. पहिला हात कानाजवळून खाली. श्वास रोखून. काही नाही! रक्त नाही, ओढ नाही, आवाजसुद्धा नाही. लोण्यातून फिरावा तसा रेझर. दुसऱ्या गालावर गेलो, ओठावर गेलो, गळ्यावर तर कुठून धीर आला कळलं नाही. बाबांनी डोळे मिटलेले. मधेच त्यांनी मान माझ्या तळहातावर सोडून दिली, सगळा भार. मी परत फेस लावून उलटा हातही मारला. गरज नव्हती, पण थांबावंसं वाटेना.

तेवढ्यात बेल वाजली. गरम टॉवेल त्यांच्या तोंडावर ठेवून दार उघडायला गेलो.

हिरव्याला तोड नाही. सगळ्या जगाला सांगायला हवं.

त्याच दिवशी, दुपार

टॉवेल ताईने काढला.

दाढी होती. सगळी. कात्रीने जेवढी ठेवली होती तेवढी, स्वच्छ धुतलेली, मऊ.

मला वाटलं ब्लेड बोथट निघालं. म्हटलं, कंपनीला पत्र लिहितो. एवढ्यात बायको न्हाणीघरातून आली. तिच्या तळहातावर हिरवं ब्लेड, कोरं करकरीत. नळाजवळ साबणाच्या डबीत पडलं होतं. रेझर जोडताना मी ते आत घालायचंच विसरलो होतो.

ताई आधी हसली, मग हसायची थांबली. बाबांना म्हणाली, अहो, तुम्हाला कळलं नाही का? बाबा म्हणाले, पहिल्या... हातालाच. मग बोलला का नाहीत? बाबांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. आम्ही तिघंही उभेच होतो. म्हणाले, धरलं होतं... ना त्याने.

मी गॅलरीत गेलो. रडलो. डायरीत खोटं कशाला लिहू?

२३ फेब्रुवारी, सोमवार

बाबा गेले ताईकडे.

माझे मुद्दे तयार होते. खोली, खिडकी, डॉक्टर जवळ. ताई म्हणाली, सगळं हिच्या एकटीच्या अंगावर आहे आणि हिची रजा संपली. तू काय करतोस ते काल बघितलं. मी बायकोकडे बघितलं, तर ती बाबांचे कपडे घडी करत होती. रडत होती, पण घडी करत होती. मग मी बाबांकडे बघितलं. ते नाही म्हणतील याची मला खात्री होती. त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

ताईने रेझर पिशवीत घातला. बाबांनी डाव्या हाताने तो चाचपून काढला आणि माझ्या हातात दिला. गाडीत बसेपर्यंत काहीतरी जुळवत होते. काच खाली करायला लावली. म्हणाले, रविवारी... ये. ड्रायव्हरने गाडी चालू केली तरी ते हात वर करून त्याला थांबवत होते. मग म्हणाले, ब्लेड... घालून.

आज घरी रेडिओ लागला नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ताईने फोटो पाठवला. बाबा तिच्या घरात खुर्चीत बसलेले, दाढी परत वाढलेली. खाली लिहिलंय, जावयाला नाही, मला नाही, कुणालाच हात लावू देत नाहीत. सकाळपासून विचारताहेत, रविवार उद्याच ना? येतोयस ना तू?

लिहिलं, पहिल्या गाडीने येतो.

पिशवी भरली. रेझर, ब्रश, वाटी, टॉवेल. ब्लेडचं पाकीट टाकलं. कुठल्या रंगाचं, ते आता लिहायला बसलो तरी आठवत नाहीये.