पोपटी पिकअपचं गाऱ्हाणं

बाबा, तुझी गाडी चालू झाली. काल सकाळी, आपल्याच अंगणात, फणसाखाली. असा काही धूर सोडला तिने की शेजारणीला दोरीवरचे कपडे पुन्हा धुवायला काढावे लागले, आणि एरवी कढीपत्त्याच्या दोन पानांवरून भांडणारी ती बाई काल चक्क टाळ्या वाजवत होती. तू जाऊन तीस वर्षं उलटली. एवढ्या वर्षांत तुला लिहावंसं कधी वाटलं नाही, पण ही बातमी तुला सोडून दुसऱ्या कोणाला सांगू? आता पुढचा प्रश्न तू विचारशीलच, की हाकली कोणी. ते सावकाश सांगते, कारण त्यावरून आपलं जुनं भांडण आहे. तू मला ही गाडी कधी हाकायला दिली नाहीस, हे मी माझ्या नवऱ्याला, मुलांना, ऑफिसातल्या बायकांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता त्यांनाच ते पाठ झालंय.

तू ती आमोण्याहून आणलीस तेव्हा मी सातवीत होते. खाणीवरच्या कोणा कंत्राटदाराने वापरून टाकून दिलेली, डिझेलची, अंगभर लाल मातीचा थर. आईने घरातूनच खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "ही गाडी हाडल्यात काय ढेकूळ हाडल्यात?" तू दोन दिवस ती धूत होतास. माती गेली तेव्हा आतून पोपटी रंग निघाला आणि तू इतका खूश झालास जणू तो रंग तूच लावला होतास. मग तिने काय नाही वाहिलं! काजूच्या बिया, भात, नारळ, गणेशचवथीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं-पानं, आणि एकदा एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड, नवरदेवासकट. शाळेच्या वाटेवर माझी जागा डावीकडची. आणि माझं काम एकच, डॅशबोर्डवरचं मधलं बटण दाबून धरायचं. तू स्टेअरिंगला हात जोडायचास आणि गाऱ्हाणं घालायचास. "बा देवा म्हाराजा, तू चारी दिशांचो राखणदार. आज ही गाडी तुझ्या नावान भायर पडता. तिच्या चारी चाकांक सांभाळ, वाटेर खिळो पडलो आसात तर बाजूक कर, म्हशी आडव्या इल्यो तर तेंका बुद्धी दी, नाय तर माझ्या ब्रेकाक दी..." असं ते लांबत जायचं, ग्रामदेवतेपासून आमोण्याच्या त्या कंत्राटदारापर्यंत सगळ्यांचं भलं मागून व्हायचं, आणि प्रत्येक वाक्यामागे मी म्हणायचे, "व्हय म्हाराजा." शेवटच्या 'व्हय म्हाराजा'नंतर तू किल्ली फिरवायचास आणि गाडी एका झटक्यात चालू. मला बरीच वर्षं वाटायचं की ते बटण म्हणजे देवाची घंटा आहे. आपण दाबलं की तिकडे वाजते.

एकदा माझी परीक्षा होती. उशीर झाला होता, म्हणून मी तुझं गाऱ्हाणं मध्येच तोडलं, भराभर तीन-चारदा "व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा" म्हणून टाकलं आणि म्हटलं, "चल आता." तू किल्ली फिरवलीस. गाडी नुसती खोकली. पुन्हा फिरवलीस, पुन्हा खोकली. तू माझ्याकडे वळून एवढंच म्हणालास, "देवाक घाई नाय, मगे तुका कित्याक?" आवाज चढवला नाहीस, पण माझे कान तापले. मग तू पहिल्यापासून गाऱ्हाणं सुरू केलंस, सावकाश, एकही म्हैस न गाळता. परीक्षेला मी दहा मिनिटं उशिरा पोचले आणि वर्गात शिरताना तुझ्यावर इतकी चिडले होते की पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या प्रश्नाखाली लिहून आले.

माझ्या लग्नात तू काय केलंस ते सासरी अजून सांगतात. सामानात तू एक मोठा स्टीलचा डबा ठेवला होतास. सासूबाईंनी चार बायकांदेखत मोठ्या अपेक्षेने तो उघडला, लाडू असतील म्हणून, आणि आत निघाला पान्यांचा अख्खा संच, ग्रीस लावून फडक्यात गुंडाळलेला. आठ नंबरपासून बत्तीस नंबरपर्यंत. मला धरणीत शिरावंसं वाटलं. तू मात्र शांतपणे म्हणालास, "भांडी सगळेच दितत. नळ गळलो तर दुसऱ्याची वाट बघूक नको." त्या घरातले नळ, सायकली, शिलाईचं मशीन, सासऱ्यांची आरामखुर्ची, सगळं पुढे मीच दुरुस्त केलं, तेव्हा तुझा आहेर वाया गेला असं म्हणता येणार नाही. पण त्याच वेळी मनात यायचंच की पाने दिलेस, किल्ली नाही दिलीस.

तुझ्यामागे भावाने वर्षभर गाडी वापरली, मग तो मस्कतला गेला, आई गेली, घर बंद झालं आणि गाडी फणसाखाली राहिली ती राहिलीच. मी निवृत्त झाल्यावर नवऱ्याला घेऊन इथे पेडण्याला राहायला आले तेव्हा तिच्या सीटवर शेजारणीची कोंबडी अंडी घालत होती, बॉनेटमधून मिरवेल वर चढली होती आणि मागच्या फळ्या वाळवीने खाऊन नुसता कागद उरला होता. भावाने फोनवर सांगितलं, "गो बाय, ती भंगारात दी. भंगारवाल्याक मी सांगलंय." मी म्हटलं, थांब. मग आमचा करार ठरला. तो चवथीला येईल. तोवर गाडी स्वतःच्या इंजिनावर अंगणातून बाहेर पडली तर राहील, नाही तर भंगारवाला तिला दोरी लावून ओढून नेईल आणि मी तोंडातून शब्द काढणार नाही. आता मी तोंडातून शब्द काढणार नाही हे कोणाला खरं वाटेल? पण त्याने मान्य केलं, मीही केलं, आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडून पाने अंगणात मांडले.

एकटीने होणारं काम नव्हतं ते. डिचोलीचे एक मेस्त्री मिळाले, जन्मभर खाणीवरच्या ट्रकांची इंजिनं खोललेले, आता घरी बसून कंटाळलेले. आल्या आल्या त्यांनी बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि म्हणाले, "बाय, मरूक नाय ह्या. निजला आसा." इंजिन पुरतं जाम होतं. नोझल काढून आत ऑईल आणि डिझेल ओतलं, आठ दिवस तसंच मुरू दिलं, मग एका सकाळी मी आणि नवरा इंजिनाला लावलेल्या पान्याच्या लांब पाइपाला लोंबकळलो तेव्हा ते बोटभर फिरलं. बोटभरच, पण मी ओरडले अशी की नवरा पाइप सोडून पळाला. डिझेलची टाकी उतरवून तिच्यात ओहोळातले खडे घातले आणि आम्ही दोघांनी ती दोन्हीकडून धरून अर्धा दिवस खळखळवली, तेव्हा कुठे आतला गंज सुटला. उंदरांनी खाल्लेलं वायरिंग म्हापशाच्या इलेक्ट्रिशियनने नव्याने घातलं. पंप म्हापशाला नेऊन दुरुस्त करून आणला, ब्रेकची रबरं बदलली, सुताराने मागे नव्या फळ्या बसवल्या. रंगासाठी नवरा पांढरा म्हणत होता, मळला तर कळतो म्हणून. मी डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालून आतला न उतरलेला पोपटी रंग खरवडून काढला आणि तो कागदाच्या पुडीत घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, असा रंग आता कोण लावत नाही. मी म्हटलं, म्हणूनच हवाय.

एवढं सगळं झालं, चवथ आठवड्यावर आली, आणि गाडी चालू होईना. बॅटरी नवी, सेल्फ फिरतोय, डिझेल येतंय, लाइनमधली हवा काढून झाली, तरी नुसती खोकते. दोन दिवस आम्ही झटलो. इलेक्ट्रिशियनने सांगितलं होतं, हीटरचं ते मधलं बटण दहा आकड्यांपर्यंत दाबून इंजिन आतून तापवा आणि किल्ली फिरवा. मी दहा मोजत होते, अगदी शाळेत शिकवल्यासारखे. काल सकाळी मेस्त्री घाम पुसत सीटवर बसले आणि त्यांनी मला विचारलं, "बाय, गाऱ्हाणा घातलास?"

"नाय घालूक," मी म्हटलं. "इंजिनाला गाऱ्हाणं काय कळतं?"

"मगे चलतली कशी?" म्हणून त्यांनी नारळ मागवला, चाकाजवळ ठेवला, वर येऊन स्टेअरिंगला हात जोडले आणि सुरू केलं. माझी जागा डावीकडेच होती. हात आपोआप बटणावर गेला. मेस्त्रींचं गाऱ्हाणं तुझ्यासारखं विनोदी नव्हतं, पण लांबीला कमी नव्हतं. डिचोलीचे देव झाले, पेडण्याचे झाले, चाकांचे, स्प्रिंगच्या पाट्यांचे, पंपाचे झाले, आणि प्रत्येक वाक्यामागे मी, खाली अंगणात नवरा आणि कुंपणापलीकडून शेजारीण, सगळे म्हणत होतो, "व्हय म्हाराजा." शेवटच्या 'व्हय म्हाराजा'ला त्यांनी किल्ली फिरवली आणि बाबा, पहिल्या फटक्यात! अख्खी गाडी हादरायला लागली, पाने बॉनेटवरून खाली पडले, कोंबड्या कुंपणावर. मी रडले. अगदी तोंड लपवून वगैरे नाही, सरळ भोकाड पसरून.

मेस्त्री मात्र माझ्या बोटाकडे बघून हसत होते. "म्हातारा इंजिन हा," ते म्हणाले. "धा आकड्यांनी ताका कायेक जायना. दीड मिनिट तरी हीटर होयो." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुझं गाऱ्हाणं दीड मिनिटाचं होतं. हीटर तापला की डॅशबोर्डवरची जी तार लाल होऊन सांगते, ती आपल्या गाडीत कधी लाल झालीच नाही, तुझ्याकडे घड्याळ नव्हतं, आणि मी परीक्षेच्या दिवशी तुझ्या म्हशी गाळल्या होत्या. आता सांग, तुला ठाऊक होतं? देवाला सांगत होतास की हीटर तापवत होतास? मेस्त्रींना विचारलं, तुम्ही कशासाठी घातलं? ते म्हणाले, "दोनय." मला वाटतं तूही तेच म्हणाला असतास, आणि वर माझी टर उडवली असतीस.

मेस्त्री धुराचा रंग बघायला खाली उतरले. इंजिन चालू, उजवी सीट रिकामी, आणि मी डावीकडे बसून राहिले. का, ते विचारू नकोस. तेवढ्यात नवरा माझ्या बाजूला आला, दार उघडलं आणि म्हणाला, "सरक थंय."

"हाकतलो कोण?" मी विचारलं.

"मी? माका क्लच खंय आणि ब्रेक खंय ताच कळणा नाय. सरक."

सरकले. गेली पंचवीस वर्षं मी छोटी गाडी चालवते, पण हे स्टेअरिंग म्हणजे जातं फिरवण्यासारखं जड. क्लच दाबायला तर जवळजवळ उभं राहावं लागलं. फाटकाच्या खांबाला किंचित घासली, ते तुला खोटं कशाला सांगू. पासिंग अजून व्हायचंय म्हणून मोठ्या रस्त्याला नेली नाही, वाडीतल्या रस्त्यानेच देवळापर्यंत गेलो आणि परत आलो. वाटेत जो तो थांबून बघत होता. एक म्हातारी म्हणाली, "अगो, ही तुझ्या बापायची मा?" नवरा एका हाताने दार आणि दुसऱ्याने नारळ धरून बसला होता, आणि मी दुसऱ्या गिअरच्या वर जायला तयार नव्हते. भावाला फोटो पाठवला. त्याने भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं आणि चवथीचा गणपती ह्याच गाडीतून आणायचा असं स्वतःच ठरवून टाकलं, जणू खडे त्यानेच खळखळवले होते. आज खांदे भरून आलेत, हात वर होत नाहीत, आणि सकाळपासून मी विनाकारण हसतेय.

हे पत्र पाठवायचं असतं तर इथेच संपवलं असतं. पण काल नवरा "सरक" म्हणाला तेव्हा मला दुसरी एक दुपार आठवली, आणि ती तुलाही आठवत असणार. मी कॉलेजात होते. हळर्णला काजूच्या बिया उतरवून आपण परत येत होतो. तिथल्या किल्ल्याच्या खाली, मोकळ्या रस्त्यावर तू गाडी थांबवलीस, इंजिन चालू ठेवलंस, फिरून माझ्या बाजूला आलास, दार उघडलंस आणि म्हणालास, "सरक. माझे पाय दुखतत." तुझे पाय दुखत नव्हते. मला कळलं होतं, बाबा, लगेच कळलं होतं. पण तुझ्या प्रत्येक गिअरला नाक मुरडणारी मी, मला स्वतःला जमलं नाही तर तुझ्यादेखत कशी बसणार होते? मी म्हटलं, मला मैत्रिणीकडे जायचंय, आणि खाली उतरून चालू पडले. तू थोडा वेळ उघडं दार धरून उभा राहिलास, मग ते लावून परत आपल्या जागेवर गेलास. घरी येऊन मी आईला सांगितलं की बाबा मला गाडीला हात लावू देत नाही. त्या दिवशी जेवताना ती तुला बोलली ते शब्द मला अजून आठवतात, "पोरयेक एकदा हाकूक दिल्यात तर तुमचा काय जाता?" पुढे आठ दिवस ती तुझ्याशी धड बोलली नाही. तू तिला खरं काय ते सांगितलं नाहीस. मान खाली घालून जेवत राहिलास, आणि तुला वाढत मी होते.